डेकखालचा सुकाणूवाला

डिचोली तालुक्यातल्या नार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि नदी ओलांडून दिवाडी बेटाला लागते. याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांचे अ‍ॅक्वेरियस शिपयार्ड आहे. तिथे बांधलेल्या शिडाच्या बोटींनी पृथ्वीला एकाहून अधिक वेढे घातले आहेत. त्यांपैकी ‘म्हादेई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. सत्तरी-डिचोलीच्या कडेने वाहत येऊन पुढे मांडवी होणाऱ्या नदीचेच नाव तिला दिले गेले. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी सागर परिक्रमेची, म्हणजे शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वेढा घालण्याची, कल्पना लावून धरली आणि दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून एकटे निघाले. चार बंदरे घेऊन मे 2010 मध्ये ते परतले, तेव्हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. नोव्हेंबर 2012 ते मार्च 2013 या काळात अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून कुठेही न थांबता हीच फेरी पुरी केली. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथेच बांधलेली ‘तारिणी’ नौदलात आली आणि नौदलातल्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. त्याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच 2 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्याहून निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी परत आल्या.

या सफरींच्या बातम्यांत वादळे येतात, केप हॉर्न येते, सत्कार येतात. एक साधा प्रश्न मात्र मागे राहतो. एकटा माणूस झोपतो, तेव्हा सुकाणू कोण धरते? दोघी असल्या तरी एक जेवण करत असते आणि दुसरी शीड आवरत असते, तेव्हाही कोणीतरी बोटीचा मार्ग सांभाळावाच लागतो.

हाच प्रश्न लहान प्रमाणात प्रत्येक सफरी शिडाच्या बोटीवर येतो. मुंबई ते गोवा हे अंतर सुमारे 220 सागरी मैलांचे. ताशी पाच मैलांच्या चालीने चव्वेचाळीस तास लागतात. बोटीवर नवराबायको दोघेच असले, तर हाताने सुकाणू धरून ही सफर करणे म्हणजे दोन रात्री जागून पणजीला पोचणे, आणि तेही डोके सगळ्यात ताजे हवे त्या क्षणी, म्हणजे मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, पेंगत. म्हणून सुकाणू धरणारे यंत्र हवे, याबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो तो ते कोणते, कुठे आणि कसे बसवायचे यावर. त्यातही डेकखाली, सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला ऑटोपायलट बसवायचा, तर खरेदीपेक्षा बसवण्याचे काम मोठे असते. कंपनीच्या पत्रकात चमकतो तो पडदा आणि त्यावरचे आकडे. पण हे यंत्र दहा वर्षे टिकणार की पहिल्याच खवळलेल्या रात्री दगा देणार, हे ठरते फायबरच्या कामावर, सुकाणूच्या दांड्यावरच्या धातूच्या हातावर आणि तांब्याच्या तारेवर.

हात, वारा की वीज

सर्वांत जुना उपाय म्हणजे बोटच अशी तोलून घ्यायची की ती आपोआप सरळ जाईल. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ 1960 च्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली. 1968-69 साली तिच्यातून त्यांनी 312 दिवसांत जगातली पहिली एकट्याची विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलियाच्या आसपास त्यांचे स्वयंचलित सुकाणू मोडले. पुढचे अर्धे जग त्यांनी शिडांचा तोल साधून आणि गरज पडेल तेव्हा हाताने पार केले. लांब, खोल कण्याची बोट असली, तर हे जमते. आजच्या आखूड कण्याच्या, चपळ बोटींना तेवढा सरळपणा नसतो.

दुसरा उपाय वाऱ्याचा. बोटीच्या मागे एक पाते उभे करायचे. बोट वाऱ्याशी असलेला कोन सोडून वळली की पाते कलते, पाण्यातल्या वल्ह्याला पीळ देते आणि पाण्याचा जोरच सुकाणू फिरवतो. वीज अजिबात लागत नाही. 1960 च्या एकट्यांच्या अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅसलर यांनी अशी यंत्रणा वापरली आणि सफरी बोटींना नवा मार्ग दिसला. गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला बंदी असल्याने तिथे आजही सगळी भिस्त या पात्यावर असते. ‘सुहेली’च्या धर्तीवर दिवाडीलाच बांधलेली ‘थुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी 2018 च्या शर्यतीत उतरले होते. हिंदी महासागरात डोलकाठ्या मोडून ते जबर जखमी झाले आणि त्यांची सुटका करावी लागली. पुढच्या, 2022 च्या शर्यतीत ‘बायानात’ या बोटीवर त्यांना वाऱ्याच्या पात्याने सतत छळले. बोटीवरच्याच वस्तू कापूनकुपून त्याचे भाग बनवत त्यांनी 29 एप्रिल 2023 रोजी दुसरा क्रमांक गाठला.

तिसरा उपाय डेकवरच्या विजेच्या यंत्राचा. लहान बोटीला टिलरवर, म्हणजे सुकाणू हाताने फिरवायच्या दांड्यावर, आडवा लावायचा दांडा मिळतो, चाकाच्या बोटीला चाकावर बसवायचे कडे मिळते. दोन्ही स्वस्त आणि तासाभरात बसणारी. पण त्यांचा जोर थोडा असतो आणि ती उघड्यावर, ऊन-पाणी खात राहतात. चाकावरचे कडे तर साखळी, दोर, कप्प्या अशा सगळ्या मालिकेला ओढत सुकाणूपर्यंत पोचते. वाटेतले एखादे ढिले वळण त्याची अर्धी मेहनत खाऊन टाकते. तीस-बत्तीस फुटांपर्यंत आणि सौम्य हवेत ही यंत्रे चालतात. त्यापुढची बोट, सामानसुमानाने भरलेली आणि मागून लाटा घेत चाललेली, त्यांना झेपत नाही.

डेकखालचा ऑटोपायलट इथून सुरू होतो.

पेडण्याच्या किनाऱ्याचा वारा

तेरेखोलच्या मुखापासून केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा पेडण्याचा किनारा उतरत शापोऱ्याच्या तोंडाशी संपतो. पुढे बार्देश आणि आग्वाद. हे सगळे अंतर सुमारे 14 सागरी मैलांचे. नोव्हेंबर ते मे या मोसमात इथला वारा ठरलेल्या तासांना हजेरी लावतो. पहाटे जमिनीवरून हलका वारा येतो, उन्हे चढली की तो मरतो. दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो.

या वेळापत्रकाचा परिणाम यंत्राच्या निवडीवर होतो. सकाळचे तीन-चार तास शीड लोंबते आणि बोट इंजिनावर चालते. वारा नसला की वाऱ्याचे पाते बेकार, कारण इंजिनाच्या चालीमुळे त्याला जाणवणारा वारा समोरूनच येतो. दुपारी दक्षिणेला निघालेल्या बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर वायव्येचा वारा आणि त्याच दिशेच्या लाटा येतात. प्रत्येक लाट बोटीची शेपटी उचलून बाजूला ढकलते आणि नाळ वाऱ्याकडे वळू पाहते. कोणत्याही ऑटोपायलटची खरी परीक्षा याच कोनात होते. कोकण किनाऱ्यावर फिरणाऱ्या बोटीला म्हणूनच विजेवर चालणारे आणि लाटेआधी सुकाणू फिरवण्याइतके चपळ व ताकदवान यंत्र उपयोगी पडते. लांब महासागरी सफरीवर निघणारे लोक वाऱ्याचे पाते आणि डेकखालचा ऑटोपायलट दोन्ही ठेवतात ते या कारणाने. एक अशक्त वाऱ्यात हात टेकतो, दुसऱ्याला वीज लागते.

ढकलणारा आणि त्याचे पाठबळ

या यंत्रणेचे पाच भाग असतात. दिशा सांगणारे होकायंत्र, हिशेब करणारा संगणक, हुकूम देण्याची कळपट्टी, सुकाणूचा कोन कळवणारा फीडबॅक आणि प्रत्यक्ष जोर लावणारा ड्राइव्ह. सर्वाधिक पैसे आणि विचार शेवटच्यावर खर्च व्हायला हवेत.

ड्राइव्हचे तीन मुख्य प्रकार आहेत. लीनियर ड्राइव्हमध्ये विजेची मोटर दांडा आत-बाहेर सरकवते. वीज कमी खाते आणि क्लच सुटला की चाक हाताला जवळपास मोकळे लागते, म्हणून मध्यम आकाराच्या बोटींवर तीच जास्त दिसते. हायड्रॉलिक ड्राइव्हमध्ये पंप तेल ढकलतो आणि तेल दांड्याला. जोर मोठा आणि झीज कमी, पण वीज जास्त लागते आणि हाताने चाक फिरवताना थोडा जडपणा जाणवतो. तिसरा रोटरी ड्राइव्ह, साखळीने सुकाणूची यंत्रणा फिरवणारा. जिथे दांडा बसवायला जागाच नसते तिथे तो कामी येतो, मात्र दोर तुटला की तोही निकामी. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या डच आराखड्यावरच्या 56 फुटी बोटींचे वजन सुमारे 23 टन. एवढ्या वजनाला विजेचा साधा दांडा आपल्या मर्यादेवर येतो आणि हायड्रॉलिकचा विचार करावाच लागतो. नऊ-दहा टनांच्या, चाळीस फुटांच्या आतल्या सफरी बोटीला विजेचा दांडा पुरतो.

वजन कोणते धरायचे, इथे पहिली फसगत होते. कारखान्याच्या कागदावरचे वजन रिकाम्या बोटीचे असते. पाणी, डिझेल, नांगराची साखळी, रबरी होडी, तांदळाच्या पिशव्या आणि माणसे चढली की ते सहज वीस टक्क्यांनी वाढते. ड्राइव्ह निवडायचा तो या भरलेल्या वजनावर, आणि दोन मापांच्या मध्ये बोट पडली तर वरच्या मापाचा.

दुसरा हिशेब हाताच्या लांबीचा. सुकाणूच्या दांड्यावर एक आडवा हात घट्ट बसवतात आणि ड्राइव्ह त्याला ढकलतो. हा हात 250 मिलिमीटरचा असेल आणि सुकाणू दोन्ही बाजूंना 35 अंश फिरायचे असेल, तर ड्राइव्हला सुमारे 287 मिलिमीटर सरकावे लागते. सुकाणूवर 1000 न्यूटन-मीटरचा पीळ आला, तर या हाताच्या टोकाला 4000 न्यूटन, म्हणजे साधारण 400 किलोचा दाब येतो. जागा नाही म्हणून हात 150 मिलिमीटरचा केला, तर तोच दाब 680 किलोवर जातो. आखूड हात म्हणजे यंत्राच्या, बोल्टच्या आणि फायबरच्या नशिबी जास्त मार.

सुकाणू मध्यावर असताना ड्राइव्ह आणि हात यांच्यात काटकोन असावा आणि दोघेही एकाच पातळीत फिरावेत. पातळी काही अंशांनी चुकली, तरी टोकाचा सांधा वाकडा झिजतो. सुकाणूला स्वतःचे भक्कम अडसर हवेत. दांडा सरकण्याच्या टोकाला पोचण्याआधी सुकाणू त्या अडसरावर टेकले पाहिजे. नाहीतर मागे जाताना उलट्या पाण्याने सुकाणू आपटते आणि तो सगळा धक्का ड्राइव्हच्या आतल्या दातांवर जातो.

आता पाठबळ. 400 किलोचा दाब एकदाच आला तर साधी प्लायवुडची फळीही टिकते. पण ऑटोपायलट दर पाच सेकंदांनी एक दुरुस्ती करतो असे धरले, तर तासाला 720 आणि दिवसाला 17,280 हेलकावे होतात. मुंबई-गोवा एका फेरीत तीस हजारांवर. इतक्या उलटसुलट ताणाने स्क्रू ढिले होतात, फळीचे थर सुटतात आणि एके रात्री ड्राइव्ह आपल्या जागेसकट हलू लागतो. म्हणून ड्राइव्हची बैठक बोटीच्या सांगाड्याशी, आडव्या भिंतीशी किंवा कवचाशी फायबरचे थर देऊन एकजीव करतात. रंग आणि जेलकोट खरवडून काढतात, कोपरे गोलसर भरतात आणि काचेच्या कापडाचे थर पायऱ्यापायऱ्यांनी बाहेर पसरवतात. बोल्ट आरपार जातात आणि त्यांच्या मागे धातूची पाटी बसते. दिवाडीसारख्या ठिकाणी जिथे अख्खे कवच लाकूड आणि फायबरमध्ये घडते, तिथल्या कारागिराला हे शिकवावे लागत नाही. चूक होते ती बहुधा दुसरीकडे. वायरिंग करणारा विजेचा माणूसच घाईत फळी ठोकतो आणि फायबरवाल्याला कोणी बोलावतच नाही.

‘तारिणी’ आणि वेगळा हात

एप्रिल 2018 मध्ये केपटाउनहून गोव्याकडे परतताना ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांना ठरलेली वाट सोडून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात शिरावे लागले. दुरुस्ती करून त्या 21 मे रोजी गोव्यात पोचल्या. दक्षिण महासागर पार केलेल्या बोटीला शेवटच्या टप्प्यावर सुकाणूने अडवले.

सफरी बोटीवर चाकापासून सुकाणूपर्यंत जाणारी साखळी, दोर आणि कप्प्या हा नेहमीचा दुखरा भाग आहे. म्हणूनच ऑटोपायलटचा हात चाकाच्या चकतीला न जोडता सुकाणूच्या दांड्याला स्वतंत्र बसवावा, असा अनुभवी लोकांचा आग्रह असतो. मग दोर तुटला तरी ड्राइव्ह सुकाणू फिरवत राहतो आणि कळपट्टीवर दहा-दहा अंश दाबत बोट बंदरात आणता येते. असा हात बाजारातून आणता येतो किंवा काशाचा, स्टेनलेसचा बनवून घेता येतो. दांड्यावर तो नुसता आवळून बसवला तर जोर आला की घसरतो. खाच करून चावी बसवावी लागते, आणि दांडा पोकळ असेल तर खाचेआधी जाडी मोजावी लागते. याच वेळी हाताने लावायचा संकटकाळचा टिलर खरेच बसतो का, की नव्या ड्राइव्हला आपटतो, हेही पाहून घ्यावे. तो बहुतेक बोटींवर पहिल्या दिवसापासून पिशवीतच असतो.

होकायंत्र आणि मेंदू

1922 साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवर एक मूलभूत निबंध लिहिला. अमेरिकी युद्धनौकेवरचे सुकाणूवाले काय करतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. चांगला सुकाणूवाला बोट किती भरकटली एवढेच पाहत नाही. ती किती वेगाने वळते आहे आणि किती वेळ एकाच बाजूला ओढते आहे, हेही त्याच्या हाताला कळते. आजच्या प्रत्येक ऑटोपायलटच्या पोटात हेच तीन हिशेब चालतात. नव्या संवेदकांत होकायंत्राबरोबर हेलकावे आणि वळण्याचा वेग मोजणारे चिमुकले भाग असतात, त्यामुळे लाटेने शेपटी उचलताच यंत्राला सुगावा लागतो. जुनी यंत्रे बोट वळून गेल्यावर जागी होत.

या संवेदकाची जागा निवडताना मोह आवरावा लागतो. तो बोटीच्या मध्यरेषेजवळ, खाली, जिथे हेलकावे कमी तिथे हवा. इंजिन, लोखंडी टाक्या, नांगराची साखळी, स्पीकर आणि जाड वीजतारा यांपासून दूर. खणात बसवलेल्या होकायंत्राशेजारी कोणी पुढे मागे टूलबॉक्स ठेवला, तर बोट कारण न कळता दहा अंश तिरकी चालते. असे खण चिठ्ठी लावून बंद करतात.

फीडबॅक हा छोटासा भाग सुकाणू किती अंशांवर आहे ते सांगतो. काही नव्या यंत्रणा त्याच्याशिवाय चालतात आणि पैसे वाचवायला तो वगळलाही जातो. पण मागून येणाऱ्या लाटांत सुकाणूचा खरा कोन माहीत असलेला संगणक जास्त शांतपणे काम करतो. कोणी पाय देणार नाही अशा ठिकाणी, आडोशाने तो बसवलेला बरा.

विजेचा हिशेब

मध्यम बोटीवरचा विजेचा दांडा 12 व्होल्टवर सरासरी तीन ते पाच अँपियर घेतो. चोवीस तासांचे 72 ते 120 अँपियर-तास होतात. शिशाच्या बॅटरीचा निम्माच साठा वापरायचा, म्हणजे केवळ ऑटोपायलटसाठी दीडशे ते अडीचशे अँपियर-तासांची बॅटरी लागते. शिवाय फ्रिज, दिवे, आसपासची जहाजे दाखवणारे एआयएस आणि पंखे आहेतच. गोव्यातल्या हिवाळी स्वच्छ दिवशी 400 वॅटचे सौर पॅनेल साधारण 110 ते 120 अँपियर-तास देते. शिडांची सावली पडली की त्यातूनही वजावट. दिवसरात्र चालायचे, तर सौरऊर्जेचा सगळा गल्ला एकटा सुकाणूवालाच नेतो. लिथियम बॅटऱ्यांमुळे वजनाचा प्रश्न सुटला असला, तरी अल्टरनेटर आणि संरक्षण यांची सगळी मांडणी त्यांच्यासाठी बदलावी लागते.

शीड नीट लावले तर हा खर्च चक्क निम्म्यावर येऊ शकतो. मोठे शीड वेळेवर आखूड केले, तोल साधला की सुकाणू कमी फिरते आणि मोटर विसावते. वाईट तोल असलेल्या बोटीवर महागडा ऑटोपायलटही थकतो.

तारेची जाडी हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. बॅटरीपासून संगणक सहा मीटर दूर असेल, तर जाऊन येऊन बारा मीटर तार होते. वीस अँपियर वाहताना 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे एक व्होल्ट वाटेतच जिरतो. 10 चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. रात्री बॅटरी उतरली की हाच एक व्होल्ट कमी पडतो, संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि यंत्र बिघडले असे वाटते. गुन्हेगार तार असते. खाऱ्या हवेत तांबे हिरवे पडते, म्हणून कल्हई केलेली तार, दाबून बसवलेली टोके आणि वर गोंदाची नळी लागते.

नदीत बंद, समुद्रात चालू

यंत्र बसले की धक्क्याला बांधलेल्या बोटीवर सुकाणूचे दोन्ही बाजूंचे टोक आणि मध्य त्याला शिकवायचा असतो. मग शांत पाण्यात एक-दोन सावकाश पूर्ण गिरक्या घेतात. बोटीवरच्या लोखंडाने होकायंत्राला कुठल्या दिशेला किती चकवले, हे संगणक स्वतः टिपतो. मांडवीत हे काम करायचे तर सकाळची स्थिर वेळ आणि फेरीबोटी व तरंगत्या कॅसिनोंपासून लांबची जागा बघावी लागते. वरच्या अंगाला, डिचोलीच्या सारमानस, आमोणे या धक्क्यांकडून खनिजाचे बार्ज येतात. भरलेला बार्ज चटकन थांबत नाही आणि वळणावर त्याला सगळी नदी लागते. नदीत ऑटोपायलट बंद आणि हात चाकावर.

समुद्रातही यंत्राला डोळे नसतात. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने सतत डोळ्यांनी आणि कानांनी नजर ठेवली पाहिजे. तिथे शिडाच्या बोटीला सूट नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर हा नियम फार लवकर समजतो. हरमल, मोरजीच्या समोर रात्री होड्या असतात. काहींवर मिणमिणता दिवा, काहींवर तोही नाही, आणि एआयएसवर त्या दिसत नाहीत. जाळ्यांच्या बोयांमध्ये बारीक दोर तरंगतात. ऑटोपायलट सरळ रेषेत जातो, म्हणजे नेमका जाळ्यात. शापोऱ्याच्या तोंडाशी वाळूचा बांध दरवर्षी सरकतो आणि नकाशातला मार्ग कालचा असतो. आत शिरताना तिथल्या तांडेलाला विचारलेले बरे.

डेकखालच्या यंत्राचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. ते इतके निमूट काम करते की डेकवरचा माणूस निर्धास्त होतो. एकटा माणूस बोटीवरून पडला, तर बोट त्याला मागे ठेवून आपला मार्ग काटेकोरपणे चालत राहते. म्हणून एकट्याने सफर करणारे कमरेचा पट्टा दोरीला अडकवूनच डेकवर वावरतात, आणि काही जण गळ्यात दूरस्थ बटण घालतात.

पावसाळ्यातले चार महिने

जून ते सप्टेंबर बोट बहुधा जमिनीवर किंवा आत नदीत ताडपत्रीखाली असते. मागच्या खणात हवा कोंडते, पाणी गळते, बुरशी येते. ड्राइव्ह सहसा याच खणात असतो. बोट बंद करण्याआधी कळपट्टी काढून घरी नेतात, दांड्याचे सांधे पुसून ग्रीस देतात, टोकांवर संरक्षक फवारा मारतात आणि बैठकीचे बोल्ट पान्याने तपासतात. क्लच आळसावू नये म्हणून महिन्यातून एकदा वीज देऊन यंत्र फिरवणारेही आहेत. हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी आणि सीलभोवतीचा ओलावा पाहतात. एवढे न केलेले यंत्र ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी रुसते, आणि दोष नेहमीप्रमाणे संगणकाला मिळतो.

गोव्यात हे काम कोण करते

या बाबतीत गोव्याची स्थिती दुहेरी आहे. एकीकडे बार्ज आणि ट्रॉलर बांधणाऱ्या यार्डांची परंपरा आहे, हायड्रॉलिक सुकाणू दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत, स्टेनलेस वळवणारे लेथवाले आहेत. वेरेंच्या आयएनएस मांडवीवर नौदलाचे महासागरी शिडाच्या बोटींचे केंद्र आहे. दिवाडीवरच अजिंठ्याच्या चित्रावरून, दोऱ्याने शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज उभे राहिले आणि मे 2025 मध्ये नौदलात आले. त्याला मध्यावरचे सुकाणू नाही, तर बाजूंना सुकाणूची वल्ही आहेत आणि ती हातांनीच धरतात. जुन्या आणि नव्या सुकाणूचे ज्ञान इतक्या जवळ क्वचित कुठे सापडावे.

दुसरीकडे खासगी सफरी बोटींसाठी पुरी सोय असलेली मरिना गोव्यात नाही. बोटी पणजीसमोर, दोना पावलाजवळ किंवा नदीत नांगरून असतात. ड्राइव्ह आणि संगणक परदेशातून येतात, सुटे भाग मिळायला आठवडे लागतात. म्हणून इथल्या मालकाने यंत्र निवडताना सर्वांत नवे कोणते यापेक्षा कशाचे ब्रश, फ्यूज, सील आणि क्लच मुंबईत मिळतात हे विचारणे शहाणपणाचे. फायबरची बैठक, धातूचा हात आणि तारांचे काम इथेच उत्तम होते. त्यासाठी तीन वेगळे कारागीर एका दिवशी एकत्र आणावे लागतात, आणि गोव्यात अवघड असते ते तेच.

किती खोलात जायचे, हे बोट कुठवर जाणार यावर ठरते. तेरेखोल ते आग्वाद, शनिवार-रविवार फिरणाऱ्या अठ्ठावीस फुटी बोटीला डेकखालच्या यंत्राची गरज नाही. टिलरवरचा दांडा आणि एक जागा माणूस पुरे. मुंबई किंवा सुमारे तीनशे मैल दूरच्या लक्षद्वीपपर्यंत जाणाऱ्या, दोघांच्या चाळीस फुटी बोटीने स्वतंत्र हातावरचा ड्राइव्ह, फीडबॅक आणि पुरेशी बॅटरी बसवून घ्यावी. त्यासोबत फ्यूज, टोकाचा सांधा आणि मोटरचे ब्रश जवळ ठेवावेत. दक्षिणेच्या चाळिशीतल्या अक्षांशांकडे निघणाऱ्या बोटीला एकावर भागत नाही. तिथे दोन स्वतंत्र ड्राइव्ह, त्यांचे वेगळे संगणक आणि शक्य असेल तर मागे वाऱ्याचे पातेही लागते. या तिन्हींपैकी कुठल्याही बोटीवर पहिली चाचणी दुपारच्या वायव्य वाऱ्यात, लाटा मागच्या कोपऱ्यावर घेऊन, निदान दोन तास करावी. त्या दोन तासांत एकाने खाली खणात टॉर्च घेऊन बसायचे आणि बैठक, बोल्ट व हात यांपैकी काय हलते ते पाहायचे. काही हलताना दिसले, तर मुंबईची तारीख पुढे ढकलायची आणि फायबरवाल्याला फोन करायचा.